मिशीवाल्या काकडीचं पुस्तक

आमच्या सूनबाईंनी, अल्पनाने, पुस्तक लिहिलं. शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून मला वाटलं काही शहाणपणाचं असेल. उघडलं तर पहिल्याच पानावर:

काकडीला फुटल्या मिशा, निघाली ती धारला,
वाटेत दिसला उंट, तो खिशात सारला.

मी चौथीपर्यंतच शिकले, पण काकडीला खिसा नसतो एवढं मला कळतं. तसं बोलले तर अल्पना म्हणाली, आई, हे मुलांच्या गमतीचं आहे, याला अर्थ नसतो. मी म्हटलं, अर्थ नसलेलं बोलायला तुझा नवरा आहे ना घरात, वर छापायचं कशाला?

पण तिला ते पुस्तक देवासच्या आमच्या मराठी मंडळाच्या रविवारच्या वर्गात लावायचं होतं. इथली मुलं घरात अर्धी हिंदीच बोलतात, मराठी वाचायला बसवलं की पळतात. पुस्तक लावायचं की नाही हे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका ठरवणार होत्या. अध्यक्ष मी. मी नाही म्हटलं की तिथे कोणी हो म्हणत नाही. अल्पनाचा जीव टांगणीला लागला होता, त्यामुळे आठवडाभर माझा चहा न मागता समोर येत होता. चहा प्यायले. मत बदललं नाही.

हळदीकुंकवाला माझी नात गुंजन उभी राहून ते पुस्तक वाचायला लागली. एरवी मराठीचं पान दिसलं की हिचं पोट दुखतं, त्या दिवशी भराभर वाचत सुटली. पोरं लोळून हसली. मी हसले नाही. म्हटलं, आपले वाडवडील दरबारात कारभारी होते, त्यांच्या पतवंडांना हे शिकवायचं? बायकांनी माना डोलवल्या. अल्पना तिळगुळाचा डबा उगाच उघडत-झाकत राहिली.

मंडळातल्या सीताकाकू म्हणाल्या, आधी उखाणे होऊ द्या, अध्यक्षबाईंपासून. मी पदर सावरून लग्नापासून घेते तोच घेतला:

"टेकडीच्या पायथ्याशी हरणाने घेतली धाव,
चांदीच्या वाटीत श्रीखंड, नारायणरावांचं घेते नाव."

टाळ्या झाल्या. गुंजन मांडीशी येऊन विचारते, "आजी, ते हरिण आजोबांचं होतं का?"

"नाही गं."

"मग श्रीखंड खायला धावलं? मतलब, आजोबा मध्ये कुठून आले?"

इतकी वर्षं हा उखाणा ऐटीत घेत आले, पण त्या हरणाची चौकशी कोणी केलीच नव्हती. मीही नाही. समोर अल्पना मान खाली घालून बसलेली. सुनेने दाबलेलं हसू सासूला बरोबर दिसतं.

"हसून घे," मी म्हटलं, "नाहीतर उचकी लागेल."

मग बायकांना सांगितलं, पुस्तक वर्गात लागू द्या. मांडवात उभं राहिल्यापासून आपण सगळ्या हेच तर करत आलोय, आमच्या सुनेने फक्त छापून आणलं.

अल्पनाचे डोळे भरले. पाया पडायला वाकली. मी म्हटलं, ते घरी. आधी वाण वाट, बायका खोळंबल्यात.