पेंटरच्या घरची युद्धनौका

मी एक जुनी युद्धनौका आहे, मित्रांनो. घाबरू नका, माझी तोफ आगपेटीतल्या काडीपेक्षाही बारीक आहे. मी प्लास्टिकची आहे आणि खऱ्या नौकेची हुबेहूब, पण हातभर लांबीची नक्कल आहे. समुद्र मी पाहिलेला नाही. धुळ्यात, मुंबई-आग्रा हायवेलगतच्या दोन खोल्यांच्या घरात, टीव्हीशेजारच्या फळीवर माझा मुक्काम असतो.

माझा जन्म खोक्यातून झाला. प्लास्टिकच्या चौकटींना माझे सगळे अवयव लटकलेले होते. या घरची लेक भूमिका ते नेलकटरने तोडायची, पॉलिश पेपरने घासायची आणि प्लास्टिक चिकटवायच्या गोंदाच्या थेंबाने जोडायची. तिची नौदलात निवड झाली होती. "हा तुझा डेक, इथं हेलिकॉप्टर उतरणार," असं ती मला समजावून सांगायची. मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

तिचा बाप प्रेमराज ट्रक रंगवतो. हायवेवरच्या शेडमध्ये त्याच्या ब्रशला मान आहे. पण त्या दिवसांत तो माझ्याकडे बघतही नसे. भूमिकाची आई केव्हाच वारली होती. पोरगी गेली की घरात आपण एकटे, ही भीती त्याच्या पोटात होती. ती बोलून दाखवायची सोडून तो नुसती चिडचिड करी. ज्या दिवशी भूमिका निघाली, त्या दिवशी हा माणूस रोजच्यासारखा डबा घेऊन कामावर निघून गेला. मी अर्धवटच राहिले. माझं वरचं सगळं अंग अजून खोक्यात होतं.

मग माझ्यावर धूळ बसू लागली. भूमिकाचा फोन यायचा. "जेवलीस?" "जेवले." एवढ्यावर फोन ठेवला जायचा. प्रेमराजला माफी मागायची होती, पण तो दरवेळी जेवणाचंच विचारायचा. शेवटी एके संध्याकाळी त्याने चष्मा चढवला आणि मला खाली घेतलं. पोरीची नौका पूर्ण करून तिला दाखवायची, म्हणजे तिला काय ते कळेल, असं त्याने ठरवलं. चिमट्याने एकेक तुकडा बसवताना तो श्वाससुद्धा रोखून धरायचा.

सगळं जोडून झालं आणि त्याने खोक्यावरचं चित्र निरखून पाहिलं. नौका वरपासून खालपर्यंत राखाडी! आता ट्रकच्या धंद्यात राखाडी म्हणजे प्रायमर, खऱ्या रंगाच्या आधी मारायचा हात. शेडमधला त्याचा सोबती वना घरी आला होता, त्याला प्रेमराज हसत म्हणाला, "वना, हाई देख. डब्बावालानी प्रायमरवरच फोटो काढी लिधा!"

"मंग? पोरनं जहाज तू प्रायमरवर ठेवशी का?" वनाने विचारलं.

झालं! रंगातल्या थिनरने प्लास्टिक विरघळतं म्हणून प्रेमराजने आधी उरलेल्या चौकटीवर रंग लावून पाहिला आणि मग मला नटवायला घेतलं. डेकच्या कडेने लाल-पिवळी वेल, बाजूंना कमळं, पुढे दोन मोर. युद्धनौका राखाडी असते ती शत्रूला दिसू नये म्हणून, हे मला ठाऊक होतं. पण मला तोंड कुठे आहे सांगायला? आणि खरं सांगू का, मला ते फार आवडलं होतं.

भूमिकाचा तिच्या जहाजावरून व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्याने मला थेट फोनसमोर धरलं. तिने पाहिलं आणि ती खो खो हसत सुटली. मागे वळून तिने मैत्रिणींना हाका मारल्या. गणवेशातल्या मुली गोळा झाल्या आणि त्याही हसू लागल्या. प्रेमराजचा चेहरा पडला. "रेंज नाही," असं म्हणून त्याने फोन बंद केला. नंतर तिचं जहाज समुद्रात गेलं आणि तिचा फोन लागेना.

त्याने मला शेडमध्ये नेलं आणि राखाडी रंगाचा स्प्रे मारला. मोर गेले, कमळं गेली. मी आता अगदी बरोबर दिसत होते, पण माझ्याकडे पाहणारं कुणी नव्हतं. टीव्ही चालू असे आणि प्रेमराज भिंतीकडे बघत बसे. मित्रांनो, फळीवर एकटं असणं मी सोसलं असतं. समोरचा माणूस एकटा पडलेला बघवत नव्हता.

बऱ्याच दिवसांनी भूमिका सुट्टीवर आली. खांद्यावरची बॅग न उतरवताच ती फळीकडे धावली आणि थबकली.

"आबा, मोर कोठे गयात?"

"तू हासनी ना. मंग काढी टाकात."

ती खालीच बसली. "आबा, मी खुशीमा हासनी! तठे बठ्ठं राखाडी शे. भिंती राखाडी, जिना राखाडी, दारं राखाडी. तुम्हनं जहाज देखं आनि माले घर दिसनं. मैत्रिणीसले म्हनत व्हती, देखा, मना बापना हात शे हाऊ! तुम्ही फोनच बंद करी दिधा."

प्रेमराज रडला. रडता रडताच म्हणाला, "तू गयी तं घर खावाले उठस वं." इतके दिवस अडलेलं वाक्य एकदाचं बाहेर पडलं.

"माले बी तठे तसंच व्हस, आबा," ती म्हणाली. मग तिने ब्रश आणून त्याच्या हातात दिला.

"आजून रंग मारा तं बारीक काम बठ्ठं बुजी जाई," तो म्हणाला.

"बुजू द्या."

मोर-कमळं परत आली आणि खरंच सगळं बुजलं. माझ्या शिड्या रंगात गडप झाल्या, माझी तोफ फुगली. नौदलातल्या कुणी मला नौका म्हणून ओळखलं नसतं. पण भूमिकाने मला पोटाखाली धरलं होतं, प्रेमराज रंगवत होता आणि दोघांच्या गप्पा थांबत नव्हत्या. रोज थोडं थोडं रंगवत सुट्टी संपली आणि शेवटचा हात मारला तो तिच्या निघायच्या दिवशी. माझा रंग वाळायच्या आत ती गेली.

तिला गाडीत बसवून प्रेमराज परत आला आणि मला उचलून बघू लागला. माझ्या पोटाशी ओल्या रंगात भूमिकाच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. ओल्या रंगावर माशी बसली तरी पुन्हा हात मारल्याशिवाय ट्रक न सोडणारा हा पेंटर! त्याने ब्रश बुडवला, माझ्याजवळ आणला आणि तसाच धुऊन ठेवून दिला.

मित्रांनो, कधी या घरी आलात तर माझ्यावरची धूळ खुशाल झटका. फक्त फडकं पोटाशी नेऊ नका. तेवढी जागा प्रेमराज स्वतः साफ करतो, फुंकर मारून.