जस्टिनोचा हंगाम

होंदे खोऱ्यातल्या मुप्फिगाचा मुलगा चिगुंबू, चिगुंबूचा झकारिया, आणि झकारियाची थोरली लेक मुचानेता. मुप्फिगाकडे गुरे होती, चिगुंबूकडे मान होता, झकारियाकडे बायबल होते. आणि प्रत्येक पिढीने अंगणाच्या कडेला तान्ह्या मुलांसाठी लहान लहान कबरी खणल्या होत्या. त्यांचे कारण या पिढीत एकट्या मुचानेताला ठाऊक होते. ते तिच्या आत्याने मरताना तिच्या कानात सांगितले होते, कारण घराण्याच्या पापपुण्याची राखण आत्यानेच करायची असते.

सीमेपलीकडून आलेला जस्टिनो नावाचा मजूर मुप्फिगाच्या नाचणीत पेरणीपासून मळणीपर्यंत राबला. ठरलेले धान्य मागायला आला, तेव्हा मुप्फिगाने त्याच्या अंगावर कुत्री सोडली. जस्टिनो टेकडीखालच्या ओलसर जमिनीत जाऊन बसला आणि तिथेच उपाशी मेला. असा आत्मा ङोझी होतो. तो कष्टाचे मोल बुडवणाऱ्याच्या वंशाला धरतो आणि भरपाई झाल्यावाचून सोडत नाही.

पुढे टेकडीवर चर्च उभे राहिले. यंदा चर्चच्या बायांनी त्याच ओलसर जमिनीत सर्वांची मिळून बाग करायचे ठरवले.

"आत्याबाई, पहिला घाव तुमचा," पाद्रीबाबा म्हणाले आणि चर्चच्या लाल पोलक्यातल्या बायांनी वाट करून दिली.

मुचानेताने कुदळ घेतली. समोर बांधावर तरिरो, तिच्या भावाची, एलिशाची सून, कांद्याची रोपे सोडवत बसली होती. तरिरोची दोन बाळे पहिला श्वासही न घेता गेली होती. तिसऱ्या खेपेला आता सातवा महिना लागला होता. मुचानेताच्या हातून कुदळ वर जाईना.

"काय हो आत्याबाई, कुदळ चावते का?" बायांमधल्या माई गोंडो खिदळल्या. "हुकूम सोडायला बरं, माती उकरायला जड!"

मुचानेताने कुदळ खाली ठेवली. मग माई गोंडोंनीच बाह्या सरसावून घाव घातला, आणि त्याच क्षणी तरिरो पोट धरून वाकली. कळ आली तशी ओसरली. बायांनी पाणी पाजले, उन्हाला बोल लावला. मुचानेता मात्र त्या उकरलेल्या मातीकडे पाहत राहिली. खाली कोणीतरी कूस बदलली होती, असे तिला वाटले.

दुपारी ती गाय घेऊन रोझिनाच्या दारात गेली. रोझिना जस्टिनोची नात. पलीकडच्या लढाईच्या दिवसांत ती सीमा ओलांडून आली, तेव्हापासून चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसे.

"गाय कशाला, आत्या?"

"तुझ्या आजोबांची आहे."

रोझिनाने दाव्याला हात लावला नाही. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! मला वाटायचं, फक्त आम्हालाच ठाऊक. एवढी वर्षं पुढच्या बाकावर बसून स्तोत्रं म्हणत होतात की!"

"हवं तर दोन गाई घे."

"माझ्या आजोबांनी दावं नव्हतं धरलं. कुदळ धरली होती. बागेत एक वाफा माझ्या वाट्याला आलाय. नाचणी पेरा, निंदा, कापा, मळा. आणि सगळ्यांच्या देखत."

"मी मध्येच मेले तर?"

"मग तुमचा भाऊ करील. काम अर्धं राहिलं तर ते मी माफ करून भागायचं नाही. या देण्याचे धनी आजोबा, मी नाही."

त्याच रात्री मुचानेताने एलिशाला सारे सांगितले. ती दुसऱ्याच्या मातीत कधीच वाकली नव्हती. आता ती रोज सकाळी परकीच्या वाफ्यात वाके. माई गोंडो थट्टा करून थकल्या, मग गप्प झाल्या. त्यांच्या थट्टेचे मुचानेताला काही वाटत नव्हते. वाटेवर धावणारे पाऊल ऐकू आले, की तिची कुदळ हवेतच थांबे. पाऊस लांबला, कोंब पिवळे पडले, तेव्हा तिने घरच्या घागरी रिकाम्या करून ते जगवले. प्रत्येक मेलेल्या कोंबात तिला तरिरोचे बाळ दिसे.

नाचणी गुडघ्याला आली, तेव्हा खरोखरच पाऊल धावत आले. तिचा भाऊ एलिशा होता. मुचानेता चिखलात बसली. तोंड वर करायचे तिला धैर्य झाले नाही.

"अक्का, मुलगी! रडतेय, अगं, अख्खा डोंगर दणाणून सोडलाय! चल, टाक ती कुदळ. संपलं सगळं."

"कुठे संपलं? दाणा तरी धरलाय का अजून?"

"बाळ जगलंय, अक्का! अजून काय हवं?"

"आज जगलंय. आपल्या पणजोबानेही असंच म्हटलं असेल, की पीक घरात आलं, आता काय! जा तू. तरिरोला सांग, बाळाला दाराबाहेर काढू नकोस."

एलिशा गेला. त्या दिवसापासून तिचे भय वाढले. आता हिरावून घ्यायला जिवंत काहीतरी होते. ताप अंगावर असताना तिने कापणी केली. मळणीला बाया मदतीला धावल्या, तर तिने त्यांना हात उगारून मागे सारले. शेवटचे कणीस स्वतःच्या हाताने झोडपून, पाखडून तिने टोपली रोझिनाच्या पायाशी ठेवली आणि मान खाली घालून गुडघे टेकले.

रोझिनाने टोपलीत हात कोपरापर्यंत खुपसला, दाणे तळापर्यंत चाचपले. मग ती ओलसर जमिनीकडे वळली.

"आजोबा, तुमचा हंगाम यांनी पुरा भरला. या घराकडे आता तुमचं काही निघत नाही. उठा, आपल्या घरी जा."

 रोझिनाने टोपली उचलून डोक्यावर घेतली.

"फिटलं, आत्या."