उजेडामागून आलेला आवाज

दांडा तिसऱ्यांदा खाली आला आणि नवऱ्याच्या मनगटाचं हाड मोडलेलं सुरुंगवाल्याच्या बायकोला कुंपणाशी पळत येता येता ऐकू आलं.

त्याला झाडाला बांधलं होतं. दांडा विहीरवाल्याच्या हातात होता. दिवस बुडताना लख्ख उजेड पडला होता, पुढं कधीतरी जमीन हादरवणारा धडाका झाला, त्यासरशी त्याच्या विहिरीचा कच्चा काठ ढासळला आणि पाण्यावर आलेला बैल दगडांखाली चिरडला. गावात दारू ठासून खडक फोडणारा माणूस एकच. चोर सोडून संन्याशाला धरायला एवढं पुरे होतं. मारणारे सात-आठ होते, बघणारे त्याहून जास्त.

ती मध्ये घुसली. चौथा फटका तिच्या खांद्यावर बसला. ती हलली नाही.

"मारा, भावजी. पण आधी सांगा, उजेड पडला तेव्हा काय करत होता?"

"गोठ्यात धारेला बसलो होतो."

"आणि धडाका झाला तेव्हा?"

विहीरवाल्यानं आठवत आठवत सांगितलं. गाय पिळून झाली होती, वासरू सोडलं होतं, चरवी घरात ठेवली होती.

खाणीत सुरुंग उडताना ती रोज समोरच्या टेकाडावर उभी राहायची. एखादा सुरुंग न उडता राहिला तर माणूस जिवानिशी जातो, म्हणून उडालेले सुरुंग मोजणं तिचं काम. धूळ उठली, की दोन म्हणेपर्यंत आवाज यायचा. लांबच्या टेकाडावरून पाच म्हणेपर्यंत. याहून जास्त कधीच नाही. हे तिनं सगळ्यांना ऐकवलं आणि विचारलं, गाय पिळून होईस्तोवर आवाज वाटेतच असेल, तर तो निघाला कुठून?

मग तिनं एकेकाला धरलं. उजेड कुठं होता? परटीण म्हणाली, पाणवठ्यामागं पडला. सुतार पलीकडच्या वाडीचा. तो शपथेवर म्हणाला, त्यांच्या टेकडीमागं. हात मात्र दोघांचेही उगवतीकडेच गेले.

"वरून खाली आला का खालून वर गेला?"

"वरून," परटीण म्हणाली. "हिरवा. जाता जाता तुकडे झाले त्याचे."

"सुरुंग आभाळातून पडतो होय गं? तुटता तारा होता तो. इतका लांब, की ज्याला त्याला आपल्याच टेकडीमागं पडलेला दिसला. आवाज मागनं आला आणि भावजी, तुमचा काठ घेऊन गेला."

विहीरवाल्यानं दांडा टाकला नाही, पण उगारलाही नाही.

"मग माझ्या बैलासाठी मारू कुणाला?"

सुतारानं दोर सोडला. सुरुंगवाला बुंध्याशी घसरत खाली बसला, लोंबतं मनगट मांडीवर घेऊन. सुताराला त्याच्याकडे बघवेना.

"एवढं होतं तर यानंच आधी सांगायचं ना, वहिनी."

तिनं पदर फाडून मनगटाला गुंडाळायला घेतला.

"पहिल्याच दांड्याला ओरडून सांगितलं होतं त्यानं. मी गल्लीच्या तोंडाशी ऐकलं. तुम्ही हाताच्या अंतरावर होता, तुमच्यापर्यंत पोचायला वेळ लागला."