अंबुजवल्लीचे कान

"अम्मा, ते कानातलं काढून ठेवा ना दोन मिनिटं. मग बघा, कुठलाही हेडफोन कसा झकास बसतो!"

अंबुजवल्लीने दुकानदाराकडे असं पाहिलं, की हातातला हेडफोन त्याने निमूटपणे काउंटरवर ठेवला. चेन्नईच्या रिची स्ट्रीटवरचं हे पाचवं दुकान होतं आणि पाचव्यांदा तोच सल्ला मिळाला होता. सात खड्यांच्या त्या हिऱ्याच्या कुड्या लग्नात आईने तिच्या कानांत घातल्या होत्या. त्यानंतरच्या एकतीस वर्षांत त्या दोनदाच निघाल्या, एकदा बाळंतपणात आणि एकदा गालगुंड झाले तेव्हा.

"कुड्या निघायच्या नाहीत," ती म्हणाली. "दुसरा दाखवा."

"चष्माही निघायचा नाही," तिच्या नवऱ्याने, सौरीराजनने, मागून भर घातली. "चष्म्याशिवाय तिला मी दिसत नाही."

"ते एक वेळ चालेल हो. संगणकाचा पडदा दिसला पाहिजे."

सौरीराजन रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झाला होता. तिथे बत्तीस वर्षं त्याने नट-बोल्ट तपासून घेतले. आता तपासायला घरात बायकोखेरीज काही उरलं नव्हतं. हेडफोन घ्यायचं ठरल्यापासून तीन आठवडे त्याने एक वही भरत आणली होती. वजन, दाब, गादीची खोली, वायरची लांबी असे रकाने आखले होते. शिंप्याची टेप आणून त्याने बायकोचे कानही मोजले होते.

"अंबू, तुझा डावा कान उजव्यापेक्षा दोन मिलिमीटरने मोठा आहे!"

"मग? परत पाठवताय मला? मुदत संपली."

अंबुजवल्ली पेरंबूरच्या घरी बसून डॉक्टरांची टिपणं टाइप करायची. डॉक्टर रुग्ण तपासून झाले की यंत्रात इंग्रजीत बोलून ठेवत, ते बोलणं एका एजन्सीमार्फत तिच्याकडे येई, आणि ती कानांनी ऐकून बोटांनी उतरवी. बावीस वर्षं हेच काम. त्यातली अकरा वर्षं मदुरैचे छातीचे डॉक्टर आरोक्यसामी. त्यांना तिने कधी पाहिलं नव्हतं. पण पावसाळ्यात त्यांना सर्दी होते, दर सोमवारी ते चिडलेले असतात, आणि 'रुग्णाने सिगारेट सोडली' हे वाक्य ते हसत उच्चारतात, हे सगळं तिला ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात घोटाळा झाला. एका टिपणात गोळीचा डोस 'फिफ्टीन'च्या जागी तिने 'फिफ्टी' टाइप केला. औषधवाल्याने वेळेवर विचारलं म्हणून निभावलं. एजन्सीचा मॅनेजर जयसीलन फोनवर फार गोड बोलला. "अम्मा, वयाप्रमाणे होतं. कान एकदा तपासून घ्या. नाहीतर आता मशीनसुद्धा टाइप करतंच आहे." तिला त्या गोडव्याचाच राग आला. तिने कान तपासून घेतले. कानाच्या डॉक्टरने कागद दिला, 'उत्तम'. मग उरला हेडफोन. तो नऊ वर्षांचा होता. वायर हनुवटीखाली चिमटीत धरली तरच डावी बाजू चालायची. तासाभरात कुड्यांची टोकं मानेत रुतायची. गादीचं काळं कातडं भुग्यासारखं गालांवर सांडायचं. "तुझ्या कानांतून तीळ गळतायत, संक्रांत जवळ आली वाटतं," असं सौरीराजन म्हणायचा. ठणका सुरू झाला की ती एखादं वाक्य पुन्हा ऐकायचं टाळायची. चूक तिथेच झाली असणार, असं तिचं तिनेच ठरवलं होतं.

दोन हजारांच्या आत बसेल असा हेडफोन हवा होता. सहाव्या दुकानात काजा मोहिदीन नावाचे म्हातारे गृहस्थ स्टुलावर बसून चहा पीत होते. त्यांच्या नाकावर तिच्यापेक्षा जाड चष्मा होता.

"बसा अम्मा. कशासाठी हवाय? गाणी?"

"छे. दिवसाला सहा तास एका माणसाचं बोलणं ऐकायला."

काजाभाईंनी सौरीराजनकडे पाहिलं. "यांचं?"

"यांचं ऐकायला हेडफोन कशाला? हे गल्लीच्या टोकापासून ऐकू येतात."

काजाभाई खुदकन हसले. त्यांनी कपाटातली चकाकणारी खोकी तशीच राहू दिली आणि खालच्या फळीवरून तीन साधी काढली. "हे बघा, कानावर बसतो तो तासाभराचा पाहुणा. तुम्हाला अख्खा कान पोटात घेणारा हवा. आणि गादी कापडाची घ्या. कातड्याची घेतलीत तर आपल्या मद्रासच्या उकाड्यात कानांचा रस्सम होईल. बिनवायरीचा नको, तो माणूस ऐन मुद्द्यावर आला की बॅटरी जाते."

सौरीराजन भराभर लिहून घेऊ लागला. "दाब किती आहे याचा?"

"साहेब, दाब वहीत कळत नाही, कानशिलाला कळतो."

पहिला हेडफोन कुड्यांवर टेकला. दुसरा चष्म्याच्या काड्यांवर. तिसऱ्याच्या वाट्या खोल होत्या, कान कुड्यांसकट आत गेले आणि काही टोचलं नाही. मात्र वरची पट्टी आवळत होती. काजाभाईंनी सवयीप्रमाणे दणदणीत गाणं लावलं.

"बंद करा ते!" ती ओरडली. हेडफोन घातलेला असल्यामुळे जरा जास्तच ओरडली. शेजारच्या दुकानातले दोघे काय झालं म्हणून डोकावले. "मी माझं आणलंय."

तिने मोबाइलमधून डॉक्टरांच्या बोलण्याचा एक तुकडा लावला. रुग्णाचं नाव कापून टाकलेला, फक्त डोसाचा. तीनदा ऐकला. कपाळाला आठी पडली. मग हेडफोन काजाभाईंच्या डोक्यावर चढवून तिने विचारलं, "काय म्हणाले?"

"फिफ्टी."

सौरीराजनने ऐकलं. "फिफ्टीन. स्पष्ट फिफ्टीन."

शेजारच्या दोघांनीही ऐकलं. एक फिफ्टी म्हणाला, दुसरा सिक्स्टी. एक गिऱ्हाईक चार्जर घ्यायला आलं होतं, त्यालाही पकडलं. तो बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिला आणि म्हणाला, "या माणसाला बरं वाटत नाहीये का?"

सगळे हसले. अंबुजवल्ली हसली नाही.

अठराशे पन्नासला सौदा झाला. निघताना काजाभाई म्हणाले, "पट्टी आवळते ना? रात्री एखाद्या रुंद भांड्यावर ताणून ठेवा. चार दिवसांत सैल होईल."

सौरीराजनने घरी आल्याबरोबर भांड्यांच्या तोंडांचे व्यास मोजले आणि पाच लिटरच्या कुकरची निवड केली. मग चार दिवस हेडफोन घातलेला कुकर स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोठ्या रुबाबात बसला होता, आणि सांबाराची डाळ पातेल्यात शिजायला दीड तास घेत होती. शेजारच्या पद्मासिनी मामी विरजण मागायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"काय ऐकतोय हो तो?"

"शिट्ट्या," सौरीराजन म्हणाला.

पाचव्या दिवशी सकाळी अंबुजवल्ली तो घालून कामाला बसली. तास गेला. दोन तास गेले. कान असल्याचंही तिला जाणवलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच वाक्य तीन-तीनदा ऐकायला तिला कंटाळा आला नाही. डॉक्टरांच्या मागे फिरणारा पंखा ऐकू येत होता. दूर कोणी तरी बादली ठेवली तेही कळलं. आणि डॉक्टरांचा 'स' कळला. तो कडेने ओला झाल्यासारखा घसरत होता. तिने चार महिन्यांपूर्वीचं एक बोलणं काढून ऐकलं. तेव्हाचा 'स' सुईसारखा होता. मग दोन महिन्यांपूर्वीचं, मग कालचं. हेडफोन काढून ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

"अहो, माझे कान चुकले नव्हते. डॉक्टरांची जीभ जड झालीय."

"मग डॉक्टरला दाखवा म्हणावं," सौरीराजन वाटाणे सोलत म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून त्याने वाटाणे खाली ठेवले. "खरंच?"

"माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आम्हाला वाटलं, कवळी सैल झालीय. निघालं मेंदूचं दुखणं."

तिने जयसीलनला फोन केला. गोडवा क्षणात आटला. "अम्मा, तुम्ही गिऱ्हाइकाला आजारी ठरवताय? रुग्णालयाचं काम जाईल आपलं! ऐकू येईल ते टाइप करा. नाही आलं तर रिकामी जागा सोडा. बाकी तुमचं काम नाही."

डॉक्टरांपर्यंत पोचायची तिच्याकडे एकच वाट होती. टिपणाच्या शेवटी टाइप करणाऱ्याला शंका लिहायची सोय असते. अकरा वर्षांत तिने तिथे 'शब्द अस्पष्ट' एवढंच लिहिलं होतं. ती दुपारभर त्या चौकटीसमोर बसली. सौरीराजनने मजकुराचा एक कच्चा मसुदा करून आणला, त्यात 'सविनय' तीनदा होतं. तिने तो बाजूला सारून स्वतः लिहिलं.

'सर, चार महिन्यांपूर्वीपर्यंत आपले फिफ्टीन आणि फिफ्टी वेगळे ऐकू येत. आता येत नाहीत. 'स'सुद्धा बदलला आहे. मी कान तपासून घेतले आणि हेडफोनही नवा घेतला. दोन्ही ठीक आहेत. क्षमा असावी, पण कृपया आपण कोणाला तरी दाखवून घ्यावं.'

मग तिने ते पाठवून दिलं.

चार दिवस काहीच काम आलं नाही. "गेलं," ती म्हणाली. "बावीस वर्षं गेली एका चौकटीत." सौरीराजनने वहीत नवा रकाना आखला, 'पापड-लोणचे उद्योग', आणि तिने तो खोडून टाकला.

पाचव्या दिवशी डॉक्टरांच्या आवाजातली सात टिपणं आली. आवाज हळू होता. प्रत्येक डोस त्यांनी अंकांत फोडून सांगितला होता. "वन, फाइव्ह. फिफ्टीन." चौकटीबद्दल एक अक्षर नाही. असे तीन आठवडे गेले.

मग एका सकाळी एकच टिपण आलं. एका म्हाताऱ्या विणकराचं, दम्याचं. "रुग्णाने सिगारेट सोडली," डॉक्टर म्हणाले आणि हसले. शेवटचा डोस सांगून झाल्यावर ते थांबले. नंतर तमिळमध्ये बोलू लागले. अकरा वर्षांत तिने त्यांचं तमिळ ऐकलंच नव्हतं. ते अगदी साधं होतं, गावाकडचं.

"टाइप करणाऱ्या बाईंसाठी आहे हे. का गृहस्थ आहात, मला माहीत नाही. डोक्याचा फोटो काढला. तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे. लवकर कळलं म्हणतात. घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. उद्यापासून दुसरे डॉक्टर बोलतील, ते भराभर बोलतात, त्यांना दम देत चला. हे टाइप करू नका."

यंत्र बंद करायला ते विसरले. खुर्ची सरकली. कागद गोळा केल्याचा आवाज आला. पंखा फिरतच होता. सौरीराजन कॉफी घेऊन दारात आला आणि काहीतरी विचारू लागला. तिने हात वर केला. तो थांबला, आणि भरलेला पेला धरून तसाच उभा राहिला.

"सर, दिवा मालवू?" कोणा नर्सने विचारलं.

"राहू दे, अम्मा. कोणी तरी येईल इथे."

चपला सावकाश दारापर्यंत गेल्या. दार लागलं. त्यानंतर नुसताच पंखा होता, साडेतीन मिनिटं. तिने तोही शेवटपर्यंत ऐकला.

मग तिने म्हाताऱ्या विणकराचं टिपण पहिल्यापासून तपासलं. डोस अंकात आणि अक्षरात, दोन्ही लिहिला. खाली डॉक्टरांचं नाव संगणक आपोआप आद्याक्षरांत घालतो. तिने ती आद्याक्षरं खोडली आणि नाव पूर्ण टाइप केलं, वडिलांच्या नावासकट, सगळ्या पदव्यांसकट. एकेक अक्षर पुन्हा वाचून पाहिलं, आणि पाठवून दिलं.