पेटाऱ्यातली चिठ्ठी

माझ्या दुकानात कुणी डिजिटल हा शब्द काढला की माझ्या कपाळाला आठ्या पडतात, हे माझ्या गिऱ्हाइकांना चांगलं ठाऊक आहे. तीस वर्षं मी गिटारचे व्हॉल्व्हवाले ॲम्प दुरुस्त करते. तारेचा बारीक आवाज मोठा करून बाहेर टाकायचा, एवढंच त्या यंत्राचं काम. पण आत काचेचे व्हॉल्व्ह तापले आणि वादकाने जोर लावला की आवाजाला जी खरखर येते, तिच्यासाठी भली भली माणसं जीव टाकतात. आता त्याची नक्कल करणारे डबे निघालेत. मॉडेलर म्हणतात त्यांना. आत काच नाही, ऊब नाही, नुसती आकडेमोड. असला एक डबा माझ्या भाचीने रविवारी सकाळी माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि मी तिला दार दाखवलं नाही, कारण प्रश्न दादाचा होता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, भाचीचा बाप. वय अठ्ठावन्न, त्यातली चाळीस वर्षं गिटार वाजवण्यात गेली. त्याचा ॲम्प बत्तीस किलोचा. आम्ही घरचे त्याला पेटारा म्हणतो. दोन महिन्यांपूर्वी एका नाट्यगृहाच्या मागच्या जिन्यात पेटारा उचलताना दादाची कंबर धरली ती धरलीच. मणक्यातली चकती सरकली होती. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, आणि हे कायमचं.

त्यात संगीत नाटकाचा दौरा ठरलेला, पंधरा गावं. दिग्दर्शिकाबाई दादाला मानतात, पण त्यांचीही अडचण होती. सगळ्यांचं सामान एकाच गाडीत, वादकांना बसायला रंगमंचापुढे वीतभर जागा, आणि पेटारा एकदा तापला की नटांचे शब्द ऐकू येईनात. डबा आणलात तर सरळ नाट्यगृहाच्या स्पीकरला जोडू, म्हणाल्या, नाहीतर मला दुसरा वादक बघावा लागेल. सोमवारी दुपारपर्यंत सांगा. दादाने फोन ठेवला आणि जाहीर केलं, की डब्यातून वाजवण्यापेक्षा मी घरी बसेन.

घरी बसलेला वादक काय असतो ते वहिनीला विचारा. दोन महिन्यांत त्याने तिला भांडी कशी लावावीत, पंखा कितीवर ठेवावा आणि कांदा कसा चिरावा हे सगळं शिकवून टाकलं होतं. एक तर याला वाजवायला धाड, नाहीतर मला तुझ्याकडे राहायला ने, असं तिने मला फोनवर सुनावलं. मी हसले. पण त्याच आठवड्यात त्यांच्याकडे गेले तेव्हा खोलीत गिटारची पेटी आडवी होती आणि तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत रचलेली होती. दादा शेजारीच बसून वर्तमानपत्र वाचत होता.

म्हणून रविवारी दहा वाजता आम्ही तिघं माझ्या दुकानात. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर मीटर, डाख लावायची सळई, आणि भिंतीला अण्णांची छोट्या छोट्या खणांची मांडणी. अण्णा म्हणजे आमचे वडील. दुकान मुळात त्यांचं. त्यांचा एक नियम होता, तो मी आजही पाळते आणि हाताखालच्या कुणी पाळला नाही तर त्याची खैर नसते. ज्या यंत्रात हात घातला, त्याच्या आत चिठ्ठी चिकटवायची. तारीख, काय बदललं, काय बसवलं. पुढच्या कारागिराला अंधारात चाचपडायला लागू नये म्हणून. क्वचित एखाद्या भागापुढे अण्णा 'बदलू नये' असं लिहायचे. दिसायला कळकट, पण यंत्राचा जीव त्याच्यातच आहे, असा भाग असला तरच. उभ्या आयुष्यात मी त्यांना ते चारदा लिहिताना पाहिलं.

दादा कमरपट्टा बांधून स्टुलावर बसला. आधी पेटारा तापवला. व्हॉल्व्ह हळूहळू उजळले आणि दादाने खालच्या तारेवर एक सूर मारला. तो सूर आधी घट्ट येतो, मग मागून किंचित सैल होऊन फुलतो, आणि टेबलावरचे स्क्रू थरथरतात. मी तो हजारदा ऐकलाय. तरी अंगावर काटा आला. माझा भाऊ म्हणून सांगत नाही, पण इतक्या कमी सुरांत इतकं बोलणारा वादक मी दुसरा पाहिला नाही.

मग भाचीने डबा लावला. पेटारा ज्या जातीचा आहे, नेमका त्याच जातीचा ॲम्प तिने त्यात निवडला. दादाने तोच सूर मारला आणि मान हलवली. भाची तासभर झटली. ध्वनिमुद्रणाचं काम करते ती, आणि तिचं काम बघत राहावं असं. न चिडता, न थकता, एक बदल, एक सूर, बापाच्या तोंडाकडे एक नजर, पुन्हा एक बदल. त्या चिकाटीत मला अण्णा दिसले. शेवटी दादाने हात थांबवला.

"आवाज चांगला आहे गं," तो म्हणाला. "सभ्य आहे. पण गळ्यापर्यंत गुंड्या लावून बसल्यासारखा. हा असला ॲम्प असेल कुणाचा तरी. माझा नाही."

आणि तो गिटार पेटीत ठेवायला लागला. उद्या नाही म्हणून कळवतो, म्हणाला. भाचीचा चेहरा पडला.

खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. डबा हरला होता, काच जिंकली होती. पण मला खूश होता येईना. कारण त्या खोलीत मला एकटीला ठाऊक होतं, की डबा अगदी बरोबर वाजत होता. चुकीचा होता तो पेटारा.

सतरा वर्षांपूर्वी अण्णांचा हात थरथरायला लागला आणि दुकान माझ्याकडे आलं. बाई काय ॲम्प उघडणार, असं तोंडावर बोलणारी गिऱ्हाइकं होती. तेव्हा पेटारा बंद पडला आणि दादाने तो माझ्यापुढे ठेवला. आत एक रेझिस्टर जळला होता. स्पीकरकडे निघालेल्या आवाजातला थोडासा वाटा मागे वळवून ॲम्पला लगाम घालायचा, हे त्याचं काम. रेझिस्टरचा आकडा त्याच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून वाचतात. हवा होता सत्तावीस हजार ओहमचा: लाल, जांभळा, नारिंगी असे पट्टे. मी पिवळ्या बल्बखाली खणातून उचलला तो लाल, जांभळा, पिवळा. म्हणजे दोन लाख सत्तर हजार, दहापट अडवणारा; लगामाला उरला दहावा हिस्सा. मीटर लावून बघायचा मी कंटाळा केला. माझी नजर पक्की आहे, ही घमेंड. चिठ्ठीत लिहिलं सत्तावीस हजार आणि झाकण बंद केलं.

लगाम सुटलेला पेटारा दादाने वाजवला आणि वेडा झाला. याच्या अंगावरची गोधडी काढलीस तू, म्हणाला. त्या आवाजावर त्याचं नाव झालं, आणि भेटेल त्याला तो सांगत सुटला, की माझ्या बहिणीचा हात अण्णांपेक्षा बरा आहे. चार महिन्यांनी व्हॉल्व्ह बदलायला मी पेटारा उघडला, या वेळी खिडकीच्या उजेडात, आणि तो पिवळा पट्टा माझ्याकडे बघत होता. सळई हातात तापलेली होती. दहा मिनिटांचं काम. मी सळई खाली ठेवली. आवाजासाठी ठेवली असं स्वतःला बजावलं, पण ते अर्धंच खरं. दादा माझं कौतुक करत होता आणि मला ते ऐकायला फार आवडत होतं. चिठ्ठी मी तशीच राहू दिली.

आता तीच चिठ्ठी त्याला घरी बसवायला निघाली होती. गप्प राहिले तर पेटीवर पुन्हा इस्त्रीचे कपडे. बोलले तर सतरा वर्षांची माझी अब्रू.

मी भाचीला विचारलं, की या डब्यात आवाज मागे वळवायचा तो लगाम कुठे असतो का. असतो ना आत्या, ती म्हणाली, पार तळाशी आहे, पण त्याला कुणी हात लावत नाही. तिने पडदा सरकवत नेला आणि एकेक नाव माझ्यासमोर आलं. व्हॉल्व्ह किती तापवायचे, वीजपुरवठा दणक्याने किती दबायचा, ट्रान्सफॉर्मर केवढा. मी खुर्ची पुढे ओढली. तीस वर्षं ज्या गोष्टी मी बोटांनी शोधल्या, त्या सगळ्या तिथे होत्या. कुणीतरी, कुठेतरी, अण्णांसारखंच एखादं चिवट माणूस महिनोन्‌महिने ॲम्प उघडून बसलं असणार. मी ज्याला डबा डबा म्हणून हिणवत होते, त्यात माझ्याच धंद्यातल्या माणसाचे हात होते. मला मनापासून हात जोडावेसे वाटले.

मी लगाम खाली आणला. दहावा हिस्सा. सतरा वर्षांपूर्वीची चूक मी दुसऱ्यांदा केली, या वेळी डोळे उघडे ठेवून.

दादाला म्हटलं, जाता जाता एकच सूर. त्याने कुरकुरत गिटार पुन्हा मांडीवर घेतली आणि खालची तार मारली.

सूर घट्ट आला, आणि मागून सैल होऊन फुलला. दादा हलला नाही. त्याने पुन्हा मारला. मग त्याची बोटं चालू लागली आणि दहा-बारा मिनिटं थांबलीच नाहीत. भाची तोंडावर हात ठेवून उभी होती. पेटारा वाजताना पायाला जो वारा लागतो तेवढा लागत नव्हता, ते खरं. बाकी मी डोळे मिटले असते तर हा पेटारा की डबा, ते शपथेवर सांगू शकले नसते.

थांबल्यावर त्याने विचारलं, "बारके, काय केलंस तू?"

पन्नाशी उलटली तरी मी त्याची बारकीच. मी पेटारा पुढ्यात घेतला, आत साठलेली वीज उतरवली आणि रेझिस्टर दाखवला. मग सगळं सांगितलं. पिवळा बल्ब, न लावलेला मीटर, चार महिन्यांनंतरचा खिडकीचा उजेड, आणि खाली ठेवलेली सळई. सांगताना त्याच्याकडे बघवत नव्हतं.

त्याने चष्मा लावून आतली जुनी चिठ्ठी वाचली. माझ्या चुकीचं त्याला फारसं काही वाटलं नसावं. चिठ्ठीचं वाटलं.

"अण्णांच्या दुकानात खोटी चिठ्ठी?"

लिहिली तेव्हा खरी वाटत होती, मी म्हटलं, कळल्यावर बदलली नाही. भाची पाणी आणायला म्हणून बाहेर गेली, तिला तेवढी समज आहे. मग तो हळूच म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं लोक कौतुक करत होते ते तुझ्या चुकीचं."

याचा मात्र मला राग आला. चूक माझी होती, मान्य, पण मूर्खपणा का ऐकून घ्यायचा? "दुरुस्ती झाली की हा पेटारा मीही वाजवून बघते," मी म्हटलं. "सतरा वर्षं बघतेय. माझ्या हातून तो एकदाही असा वाजला नाही. लगाम मी सोडला असेल दादा, घोड्यावर बसला होतास तू."

त्याने मान खाली घातली. मग हसू त्याच्या मिशीत आलं, आणि माझा जीव भांड्यात पडला. त्याने खिशातून फोन काढला आणि सोमवारची वाट न बघता दिग्दर्शिकाबाईंना सांगून टाकलं, की येतोय, डबा घेऊन. पलीकडून बाई खुशीत इतक्या मोठ्याने बोलल्या की मला शब्द न् शब्द ऐकू आला.

मी तोवर खणातून नारिंगी पट्ट्याचा रेझिस्टर काढला. मीटर लावला. सत्तावीस हजार, चोख. आता डब्यात तुझा आवाज आहेच, म्हटलं, पेटारा तेवढा मी नियमात आणते. सळई तापायला ठेवली आणि नवी चिठ्ठी लिहायला घेतली. आधी सतरा वर्षांपूर्वीची तारीख घातली, मग लिहिलं: सत्तावीस हजारांच्या जागी दोन लाख सत्तर हजार बसवला. चूक माझी. खाली सही केली.

दादाने माझ्या हातातला पेन घेतला. मला वाटलं, काहीतरी खोडणार. त्याने काहीच खोडलं नाही. त्या दोन लाख सत्तर हजारांपुढे कडेला, सावकाश, अण्णा लिहायचे तसं लिहिलं: बदलू नये.

मी सळईचं बटण बंद केलं.