महालिंगअप्पांच्या डाव्या कानातून

मी महालिंगअप्पांच्या डाव्या कानातला आवाज बोलतोय. मी अप्पांशिवाय कुणालाच ऐकू येत नाही, आणि सगळं रामायण त्यातूनच घडलं.

माझा जन्म मानवतला, चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात झाला. अप्पांच्या पुतण्याची, रेवणसिद्धची वरात निघाली होती. अप्पा घोड्याचा लगाम धरून चालले होते. कुणा हौशी पाहुण्यानं त्यांच्या कानाशीच सुतळी बॉम्ब उडवला. घोडं नवरदेवाला घेऊन मोंढ्याच्या बाजाराकडं पळालं, अप्पा मटकन खाली बसले आणि मी जन्मलो. कुईंऽऽऽ.

आमच्यातले बहुतेक आवाज एक-दोन दिवसांत आपोआप विरतात. मीही जाणारच होतो. पण सकाळी उठल्या उठल्या अप्पांनी बायकोला विचारलं, "कुकर लावलायस का?"

"आपल्याकडं कुकर कुठाय?" नीलम्मा म्हणाली.

झालं. अप्पा मला शोधायला लागले. रेडिओ बंद केला, घड्याळ गोठ्यात नेऊन ठेवलं. कणगीत रातकिडा शिरला असेल म्हणून सगळी ज्वारी अंगणात ओतली. किडा सापडला नाही. नीलम्माची हरवलेली फणी तेवढी सापडली.

शेवटी संशय शेजारच्या पिठाच्या गिरणीवर गेला. गिरणीवाले दत्तराव अप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त. दुपारचा चहा दोघं एकत्रच प्यायचे.

"दत्तराव, गिरणी बंद कर. डोकं उठायलंय."

"सकाळपासून लाईट न्हाई, अप्पा. गिरणी बंदच हाय."

"मग ह्यो आवाज कशाचा यायलाय?"

"मला तर कायबी ऐकू येईना."

अप्पांना वाटलं, दोस्त तोंडावर खोटं बोलतोय. त्यांनी चहा बंद केला, बोलणंही बंद केलं. नीलम्मा दळण डोक्यावर घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ लागली आणि वाटभर दोघांनाही शिव्या घालू लागली.

माझ्यावर लसणाचं तेल ओतलं गेलं. गल्लीतल्या सरजाबाईनं सांगितलं म्हणून कांद्याचा रसही ओतला. फोडणीला मोहरी तेवढी राहिली होती. मग परभणीच्या डॉक्टरांनी कान तपासला.

"दणक्यानं आतला नाजूक भाग दुखावलाय," ते म्हणाले. "कानाकडून कमी येतं, म्हणून मेंदू स्वतःच आवाज भरतो. मोठ्या आवाजापासून जपा. आणि सारखं त्याच्याकडं लक्ष देऊ नका, नाहीतर मुक्काम ठोकेल."

लक्ष देऊ नका म्हटल्यावर अप्पांनी दुसरं काहीच केलं नाही. उठल्यावर आधी मी, मग चूळ. स्वतःच्या दुकानात गिऱ्हाईक भाव विचारत असायचं आणि हे मान वाकडी करून माझा सूर तपासायचे. एवढं कौतुक सोडून कोण जाईल? मी बिऱ्हाड मांडलं.

हिवाळ्यात अप्पा झरीला मेहुण्याच्या शेतावर गेले. भर दुपार, चहूकडं नुसती ज्वारी. मोटार नाही, माणूस नाही. मी मात्र जोरात.

बराच वेळ बांधावर उभं राहून अप्पा हळूच म्हणाले, "दत्तरावची गिरणी हितंबी ऐकू यायलीय."

आपण काय बोललो ते आपल्याच कानांनी ऐकलं, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ते तिथंच ढेकळावर बसले. मला पहिल्यांदाच त्यांच्या कानात असल्याची लाज वाटली.

मानवतला एसटीतून उतरले ते थेट दत्तरावांच्या ओट्यावर.

"गिरणी माझ्याच कानात हाय, दत्तराव. तुझा काय दोष न्हाई."

दत्तरावांनी अप्पांना बसायला पोतं सरकवलं. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. मला वाटलं माझेच कान गेले. मी बी परभणीला जाऊन तपासून आलो."

त्यांनी चहा मागवला आणि आत जाऊन गिरणी चालू केली. ओट्यावर तिची संथ घरघर पोचली आणि मी तिच्यात पार बुडून गेलो. अप्पांनी बशीतला चहा फुंकला, डोळे मिटले. कितीतरी महिन्यांनी माझ्याशिवाय त्यांनी चहा प्यायला.

तेव्हापासून त्यांची दुपार रोज त्या ओट्यावर जाते. मी गेलेलो नाही. तेवढाच आहे, तिथंच आहे. पण आता माझी कुणी चौकशी करत नाही. वाचकहो, कानात नवा आवाज आला तर डॉक्टरला जरूर दाखवा, पण लाड करून त्याला माझ्यासारखं शेफारू देऊ नका. मग सवय सुटत नाही.

परवा जेवताना नीलम्मानं विचारलं, "अहो, आता आवाज कसा हाय?"

"कोणता?" अप्पा म्हणाले.

मी जमेल तेवढ्या जोरात वाजलो.

अप्पांनी मान जराशी वाकडी केली आणि "वाढ" म्हणत ठेच्याकडं बोट दाखवलं.