मैदानातली बोंडअळी

राबियाने पाठवलेल्या पत्रात 'संगणकीय जीवशास्त्राची तीन दिवसांची कार्यशाळा' असं लिहिलेलं होतं. मुख्याध्यापक अर्जुनरावांनी त्यातला पहिला शब्द धरला आणि हैदराबादहून एक मॅडम कॉम्प्युटर शिकवायला येणार, असं गावभर सांगून टाकलं. त्यामुळे फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी आठवी-नववीची चाळीस मुलं इस्त्रीचे कपडे घालून वेळेच्या आधीच हजर होती.

राबिया देऊळगाव राजाची. वडील वाहेदभाई गाद्या-रजया भरायचे, आणि कापूस पिंजण्याच्या यंत्राशेजारी बसून ती दहावीपर्यंत शिकली होती. आता हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत ती किडींच्या डीएनएवर काम करत होती, तेही सगळं संगणकावर. वरवट बकालला तिची खाला, म्हणजे मावशी, राहायची, म्हणून तिने आपल्या पहिल्या कार्यशाळेसाठी तिथून तीन किलोमीटरवरच्या गावातली ही शाळा निवडली होती.

शाळेत आठ संगणक होते. पाच सुरूच होत नव्हते आणि उरलेल्या तिन्हींना वीज दुपारी चारनंतर मिळणार होती. राबियाने फळ्यावर डीएनएची चार अक्षरं लिहिली, साखळी काढली, प्रथिनं कशी बनतात ते सांगितलं. मुलांनी सगळं जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. तासाभराने तिने विचारलं, "कुणाला काही शंका?"

मग नववीतला शिवम उभा राहिला. "म्याडम, हे परीक्षेले आहे का?"

"नाही."

शिवमने शांतपणे वही मिटली. त्याच्यामागे चाळीस वह्या मिटल्याचा आवाज राबियाला ऐकू आला.

संध्याकाळी ती खालाकडे आली तेव्हा अजीजुन्निसा खाला ओट्यावर तूर पाखडत बसली होती. राबियाने सगळं सांगितलं. दोन महिने रात्रंदिवस खपून केलेली तयारी एका तासात संपली होती आणि अजून दोन दिवस शिल्लक होते.

"तू दिवसभर सांगतच होतीस का, बेटा?" खालाने सूप न थांबवता विचारलं.

"मग काय करू?"

"त्यायले विचार ना, तुमाले काय समजून घ्यायचं हाये म्हणून. लेकरं मुकी थोडीच हायेत."

दुसऱ्या दिवशी राबियाने फळा पुसून टाकला आणि तेच विचारलं. कुठल्याही सजीवाबद्दल, तुम्हाला खरंच पडलेला प्रश्न सांगा. एकाने साप दूध पितो का ते विचारलं, आसमाने जुळी वासरं कशी होतात ते विचारलं. मग खिडकीजवळची एक उंच मुलगी उठली. तिचं नाव पुष्पांजली.

"म्याडम, बीटी होतं तरी अळी कशी आली?"

अळीला मारणारं विष झाडातच असलेली बीटी कपाशी पेरूनही गेल्या हंगामात गुलाबी बोंडअळीने सगळ्या शिवाराचं वाटोळं केलं होतं. बोंडं वरून हिरवीगार आणि आतून किडलेली. कुणी उभ्या कपाशीत, पऱ्हाटीत, मेंढरं सोडली, कुणी डिसेंबरातच रोटाव्हेटर फिरवून पीक मोडलं. या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरी त्या वर्षी काहीतरी राहून गेलं होतं. पुष्पांजलीच्या ताईचं लग्नही पुढे ढकललं होतं.

"आमचे आबा म्हणतात बियाणंच बोगस होतं," पुष्पांजली म्हणाली. "त्यायनं तसा तक्रारअर्जबी केला. पण साऱ्याच कंपन्यायचं बियाणं एकाच साली बोगस कसं होईन?"

राबियाला उत्तर माहीत होतं. ती उत्तर द्यायला लागली आणि मध्येच थांबली.

"मी नाही सांगत," ती म्हणाली. "आपण काढू या. शाळेत खिचडी कोण करतं?"

खिचडी तानाबाई करायच्या. त्यांच्याकडून एक वाडगाभर हरभरे आणि मूठभर वाळके वाटाणे आले. दाणा न दाणा परत पाहिजे, असं त्यांनी बजावलं. राबियाने मुलांना मैदानात नेलं आणि नियम सांगितले.

"तुम्ही प्रत्येक जण एक अळी. प्रत्येकाच्या मुठीत दोन दाणे, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. हरभरा म्हणजे साधी अळी. वाटाणा म्हणजे बीटीचं विष पचवायची ताकद. पण एका वाटाण्याने भागत नाही. दोन्ही वाटाणे असतील तरच अळी जगते. हे मैदान म्हणजे बीटी कपाशीचं शेत. आता मुठी उघडा."

अडतीस जणांच्या मुठीत हरभरेच होते. ते सगळे मेले आणि हसत खाली बसले. फक्त शिवम आणि आसमा उभे राहिले.

"दोनच वाचले. आता हे दोघं मोठे होऊन पतंग होणार आणि पुढची पिढी यांचीच. प्रत्येकाने यांच्याकडून एकेक दाणा घ्यायचा. यांच्याकडे काय आहे?"

"वाटाणेच," पुष्पांजली हळूच म्हणाली.

तानाबाईंकडून आणखी वाटाणे आणावे लागले. दुसऱ्या फेरीत मुठी उघडल्या आणि एकही जण खाली बसला नाही. चाळीसच्या चाळीस मुलं बीटीच्या शेतात उभी होती. कुणी हसलं नाही. कलीम नावाचा मुलगा आपल्या तळहातावरच्या दोन वाटाण्यांकडे बघत म्हणाला, "एकाच पिढीत?"

"खऱ्या शेतात इतकं झटपट नाही होत. पण रस्ता हाच."

मग राबियाने खेळ पुन्हा पहिल्यापासून मांडला. या वेळी आठ मुलांना तिने व्हरांड्यात उभं केलं. व्हरांडा म्हणजे साध्या, बिगर-बीटी कपाशीच्या ओळी. तिथे विष नाही, त्यामुळे तिथल्या अळ्या हरभरेवाल्या असल्या तरी जगणार. मैदानातले दोन आणि व्हरांड्यातले आठ यांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या आणि त्या जोड्यांकडून पुढची पिढी दाणे घेणार. चिठ्ठी निघाली की जोडीचे नंबर मोठ्याने सांगायचे, एवढंच ठरलं होतं. पण तिसऱ्या जोडीला कुणीतरी तोंडाने बँड वाजवायला सुरुवात केली, पाचव्या जोडीला शिवमने 'शुभमंगल सावधान' म्हटलं आणि तानाबाईंनी परत मागितलेल्या हरभऱ्यांच्याच अक्षता पडायला लागल्या.

नेमके त्याच वेळी उत्तमराव फाटकातून आत आले. ते पुष्पांजलीचे आजोबा आणि शाळा समितीचे अध्यक्ष. कॉम्प्युटर कसे चालू आहेत ते बघायला आले होते.

"अर्जुनराव," ते व्हरांड्याकडे बघत म्हणाले, "तुमी तं कॉम्प्युटर म्हणत होते. अठी तं लग्नं लावून राह्यले."

मुख्याध्यापकांनी राबियाकडे बोट दाखवलं. पुष्पांजली मात्र पुढे झाली. तिने आजोबांना हाताला धरून मैदानात आणलं आणि त्यांच्या मुठीत दोन दाणे ठेवले.

"आबा, मूठ उघडा."

त्यांनी उघडली. दोन हरभरे होते.

"तुमी मेले. बसा खाली."

उत्तमरावांनी नातीकडे पाहिलं, मग धोतर सावरून ते खरोखरच मातीत बसले. "काऊन मेलो ते तं सांगशीन?"

तिने सांगितलं. पहिली फेरी, दुसरी फेरी, व्हरांडा, सगळं तिच्या शब्दांत. राबिया बाजूला उभी राहून ऐकत होती. काल फळ्यावर तिने जे तासभर सांगितलं होतं, त्याहून हे कितीतरी सरळ होतं.

व्हरांड्यासकट खेळलेल्या फेऱ्यांमध्ये मुलं मरत राहिली. वाटाणावाल्याची जोडी बहुतेक वेळा हरभरेवाल्याशीच लागे, पोरांच्या मुठीत एक हरभरा एक वाटाणा येई आणि ती मैदानात खाली बसत. सहा पिढ्या झाल्या तरी अर्धंही मैदान उभं राहिलं नाही.

उत्तमराव आता पायरीवर बसून बघत होते. "हा व्हरांडा म्हणजे शेतात काय हो, म्याडम?"

"बीटीच्या थैलीत एक लहान पाकीट येतं ना, साध्या सरकीचं? ते चारी बाजूंनी पेरायचं असतं."

"ते पाकीट," उत्तमराव म्हणाले, "आमी बांधावर फेकून देत होतो. दुकानदार म्हणे त्याचं काही काम नाई. कोणी सांगतलंच नाई का ते कायले हाये."

"पाकिटावर लिहिलेलं असतं, पण मुंगीएवढ्या अक्षरात," राबिया म्हणाली. "ते वाचून हे मलाही कळलं नसतं."

चार वाजता वीज आली. तीन संगणकांवर मुलांनी तेच गणित मांडलं. राबियाने स्प्रेडशीटच्या एका ओळीत एका पिढीचं सूत्र घालून दाखवलं आणि ते खाली ओढायला सांगितलं. दिवसभर धावून सहा पिढ्या झाल्या होत्या, इथे एका झटक्यात शंभर झाल्या. हजारात एक वाटाणा धरून, व्हरांडा ठेवला तर आलेखातली वाटाण्यांची रेघ शंभर पिढ्या जमिनीला चिकटून राहिली. पुष्पांजलीने कुणी न सांगता हजारात एकच्या जागी पाचात एक घातलं. व्हरांडा होता तरी रेघ थोड्याच पिढ्यांत वर गेली.

"म्याडम, हे आत्ताचं आहे ना? आपल्या गावाचं?"

"बहुतेक असंच काहीसं."

"मंग पाकीट पेरूनबी काही फायदा नाई?"

असा प्रश्न येईल असं राबियाने धरलं नव्हतं. तिने खोटा दिलासा दिला नाही. "एकट्या पाकिटाने आता भागणार नाही. आणखी काय बदलता येईल, बघ या तक्त्यात."

पुष्पांजलीने पडद्यावरच्या एकेका रकान्यावर बोट फिरवलं. बाजूला बसलेला कलीम म्हणाला, "पिढ्या कमी करता येतीन का? ओळीच कमी."

"अळी काय खाऊन पिढ्या काढते?"

"बोंडं," दोघं एकदम म्हणाले, आणि पुष्पांजली उठून उभीच राहिली. "फरदड. आपण मार्च-एप्रिलपर्यंत पऱ्हाटी ठेवतो दोन वेचे जास्तीचे मिळतीन म्हणून. तोवर तिच्या पिढ्या चालूच राहतात."

तिसऱ्या दिवशी उत्तमराव सगळ्यांच्या आधी आले. हातात कपाशीची एक हिरवी फांदी होती. गोठ्यामागे एक झाड रोटाव्हेटरमधून सुटून पुन्हा फुटलं होतं. बीटीचं विष पानात आहे की नाही हे दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या राबियाच्या पिशवीत आहेत, हे त्यांना नातीकडून कळलं होतं.

"तपासा," ते म्हणाले. "साऱ्या पोरायसमोर तपासा."

पुष्पांजलीने पान चुरडून नळीत घातलं, पाण्यासारखं द्रावण ओतलं आणि पट्टी बुडवली. एक रेघ उमटली तर बियाणं बोगस, दोन उमटल्या तर खरं. आबांनी चार महिने गावभर सांगितलं होतं की बियाणं बोगस आहे, आणि त्यांना खोटं पाडू शकेल अशी पट्टी तिच्याच हातात होती. पहिली रेघ आली. मग, पाच-एक मिनिटांनी, फिकट पण स्पष्ट अशी दुसरी.

"दोन हायेत, आबा."

उत्तमरावांनी चष्मा लावून पट्टी उजेडात धरली. "हाव. दोन हायेत." ती त्यांनी नातीला परत दिली. "म्हणजे बियाणं खरं होतं, अन् मी चुकलो."

"तुमी एकटे नाई चुकले," पुष्पांजली म्हणाली. "पतंगाले बांध दिसत नाई. साऱ्या गावाच्या जोड्या लागतात. एकट्यानं पाकीट पेरून काय होईन? साऱ्यायनं पेरलं पाह्यजे अन् साऱ्यायनं डिसेंबरात रान मोकळं केलं पाह्यजे."

"मंग साऱ्यायले सांगू."

अर्जुनरावांनी समारोपाचं भाषण लिहून आणलं होतं, ते खिशातच राहिलं. उत्तमरावांनी त्याच दुपारी मारुतीच्या पारावर माणसं गोळा केली आणि मुलांनी त्यांना मुठी उघडायला लावल्या. सरपंच पहिल्याच फेरीत मेले. दोन म्हातारे आम्ही मेलो नाही म्हणून भांडत राहिले. एक जण शेवटपर्यंत म्हणत होता की लेकरांच्या खेळानं अळी मरत नसते, आणि तो न पटताच घरी गेला. तानाबाई दाणे मोजायला आल्या होत्या, त्याही एका फेरीला उभ्या राहिल्या.

जूनमध्ये पेरणी झाल्यावर पुष्पांजलीचा फोन आला. गावातल्या एकशे चाळीस शेतकऱ्यांपैकी एकतीस जणांनी लहान पाकीट पेरलं होतं. राबियाला हा आकडा थोडा वाटला. पुष्पांजलीला तसा वाटत नव्हता. "मागच्या साली एकबी नव्हता, म्याडम. अन् डिसेंबरात पऱ्हाटी उपटतो म्हणून बासष्ट जणायनं सह्या केल्या. आबा घरोघरी जाऊन राह्यले."

आणखी एक बातमी होती. ताईच्या लग्नाची तारीख निघाली होती आणि राबियाने यायचंच होतं, खालालाही घेऊन.

जुलैपासून मुलांनी नऊ शेतांत मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे टांगले. दर शुक्रवारी शाळेआधी ती सापळ्यातले नर पतंग मोजत, शिवम आकडे तक्त्यात भरी आणि संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो राबियाच्या फोनवर येई. सप्टेंबरातल्या एका फोटोत तिला एक नवा रकाना दिसला. तो तिने शिकवलेला नव्हता. वर लिहिलं होतं 'अमावस्या'.

तिने लगेच फोन लावला. "हा रकाना कशाला?"

"म्हातारी माणसं म्हणतात अमावस्येच्या आसपास पतंग जास्त येतात अन् अंडी घालतात," पुष्पांजली म्हणाली. "खरं का खोटं ते कोणी मोजलं नाई. म्हणून आमी मोजून राह्यलो."

"मग? काय दिसतंय?"

फोनवर कागद उलटल्याचा आवाज आला. मागे शिवम आणि कलीम कशावरून तरी वाद घालत होते.

"आत्ताच नाई सांगता येत, म्याडम," पुष्पांजली म्हणाली. "आणखी तीन अमावस्या पाह्यजेत."